आगटीवरचा लेप

यंदा थंडी आली ती मार्गशीर्ष सरता सरता. एका सकाळी अंगणात पाऊल टाकलं आणि फरशी पायाला चावली. लगेच नाकाला तो वास आला. आसपास कुठे काही भाजत नव्हतं, मी पाहिलं ना वाकून. पण ही थंडी आणि तो वास माझ्या डोक्यात एकाच खोलीत राहतात. गोवरीचा निखारा, त्यात खुपसलेलं हिरवं कणीस, वरून लसणाची चटणी. या दिवसांत लोकांना हुरडा आठवतो आणि तोंडाला पाणी सुटतं. मला आठवतो आणि मी दार लावून घेते.

त्यातच आमचे चिरंजीव, संजय, पुण्याहून तीन खोकी घेऊन आले. अंगणात पसारा मांडला. चाकं, नळ्या, जाळ्या, एक भलं मोठं झाकण, आणि मूठभर नटबोल्ट.

"काय रे हे?"

"बार्बेक्यू, आई. बाहेर भाजायची शेगडी. झाकणाची."

"मग शेगडी म्हण की."

दोन तास तो कागद बघून जोडत होता. शेवटी जोडून झाली तेव्हा चार नट उरले होते आणि शेगडी एका अंगाला कलली होती. मी हसले तर रागावला. मग म्हणाला, "खाली जमीनच वाकडी आहे. हा जुना ओटा काढून टाकू आणि तिथे ठेवू. तसाही लेप सुटलाय त्याचा."

"हात लावून तर बघ," मी म्हटलं. असं म्हटलं की तो मुकाट्याने चहा मागतो, तसा त्याने मागितला.

ओट्याचा लेप मात्र खरंच सुटला होता. गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून दोन वर्षं मी त्याला हात लावला नव्हता. पावसाने पोपडे धरले होते. त्याच्या पोटातल्या कोनाड्याच्या तोंडाशी तर आतला दगड दिसायला लागला होता.

हा ओटा म्हणजे माझी हौस. एकाहत्तरच्या उन्हाळ्यात लग्न होऊन मी नगर शहरातून मिरजगावजवळच्या या वस्तीवर आले. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. घरात तिघंच: हे, म्हणजे माझे यजमान, गावातल्या शाळेत मास्तर, मामंजी, म्हणजे सासरे, शेतात, आणि मी, चुलीच्या धुरात डोळे चोळत. लग्नात आमच्या वहिनी सगळ्या बायकांत म्हणाल्या होत्या, "वन्संना आता उकिडवं बसून धूर खावा लागणार." सगळ्या हसल्या. मीही हसले, पण ते वाक्य पदराला गाठ मारून सासरी आणलं.

पहिल्या हिवाळ्यात हुरडा झाला. बांधाजवळ जमिनीत वीतभर खड्डा, त्यात गोवऱ्या पेटवलेल्या. त्या खड्ड्यालाच आगटी म्हणतात. भोवती सगळे उकिडवे बसलेले. मामंजी कणसं निखाऱ्यात खुपसत, फिरवत, काढून तळहातावर चोळत आणि फुंकर मारून हिरवे गरम दाणे माझ्या हातावर ठेवत. तो जोंधळा आमच्या घरचा खास, गोडा जोंधळा म्हणत त्याला. सासूबाईंनी माहेराहून ओटीत आणलेला. दरवर्षी हुरड्यापुरत्या चार ओळी पेरायच्या, बी राखायचं, पुन्हा पेरायचं. दाणा दाताखाली फुटला की नुसतं दूध. मी इतका खाल्ला की रात्री भाकरीला हात लावला नाही. पण खाता खाता मनात वहिनीच होत्या. उकिडवं बसून धूर खात होतेच की मी.

"मामंजी," मी म्हटलं, "ही आगटी घराशी, उंच करता येणार नाही का? ओट्यावर? उभ्याने भाजता येईल अशी?"

हे हसून बेजार झाले. मामंजी हसले नाहीत. त्यांनी मान तिरकी करून आगटीकडे पाहिलं. "का न्हाई येनार? दगूड हाय, माती हाय. चूल अंगनात चालती तर आगटीनं काय घोडं मारलं?"

बहात्तरच्या चैत्रात आम्ही दोघांनी तो ओटा रचला. मी ओढ्यातले छान गोल गोटे गोळा करून आणले, तर त्यांनी एकेक उचलून परत फेकले. "ह्यो पानी प्यालेला असतोय. इस्तवात फुटंल आन् डोळा घिऊन जाईल." बांधावरचा काळा दगड घेतला. कमरेइतकी उंची, मधोमध विटांनी बांधलेली गोल आगटी, तिला वारा लागायला खालून एक भोक. एका अंगाला चूल, शेजारी चहाचं भांडं ठेवायला वैल. दुसऱ्या अंगाला चटणीचा पाटा कायमचा बसवलेला. पोटात कोनाडा, गोवऱ्या कोरड्या राहाव्यात म्हणून. नकाशा माझा, हात त्यांचे.

लेप द्यायच्या दिवशी ते बाजाराला गेले होते. मला कुठला दम! शेतातली काळीभोर माती कालवली आणि सगळा ओटा एकटीने लिंपून काढला. काय सुरेख दिसत होता! तिसऱ्या दिवशी बोटबोट रुंदीच्या भेगा. मी रडकुंडीला आले. मामंजींनी भेगेत बोट घालून पाहिलं आणि पहिल्यांदाच मोठ्याने हसले. "काळी पिकाची, सूनबाई. भिताडाला पांढरी लागती." मग गावठाणातली पांढरी माती आणली, त्यात शेण, भुस्सा, आणि घरातल्या जुन्या चिंध्या बारीक फाडून. चिंध्या कशाला म्हणून मी विचारलं. "चिंधी मातीला धरून ठिवती. माती एकली ऱ्हाईली की फुटती." तो लेप बसला. दरवर्षी पाऊस सरला की पुन्हा एक हात द्यायचा, राख आठवड्याला काढायची, तोंडावर पालथी पाटी ठेवायची. हे सगळं त्यांनी मला शिकवलं, आणि मी शिकले. त्याबाबत माझ्यावर कुणी बोट ठेवणार नाही.

ज्येष्ठात मी माझ्या भावाला, अण्णाला, पत्र लिहिलं. पौषात सगळ्यांनी हुरड्याला या, उभ्याने भाजायची आगटी कुठे पाहिली नसेल, आणि वहिनींना मुद्दाम सांग, उकिडवं बसावं लागणार नाही.

आणि मग पाऊस आलाच नाही.

बहात्तरच्या दुष्काळावर मी काही नवीन सांगणार नाही. आमच्या भागात प्रत्येक घराकडे त्याची आपापली गोष्ट आहे. आमच्या घरात रेशनची तांबडी ज्वारी आली. तिची भाकरी थापता थापता तुटायची, आणि मामंजी ते तुकडे जोडून खायचे. बैल सरकारी चारा छावणीला गेले, त्यांच्या मागे मामंजीही. आठवड्यातून एकदा, रविवारी, ते घरी यायचे. परतीच्या पावसाच्या भरवशावर गोडा जोंधळा पेरला होता, तो उगवलाच नाही. घरात बी उरलं ते एका गाडग्याच्या तळाशी, पसाभर.

तो पसा मामंजींनी मोरीमागे टोचला. तीन ओळी. आम्ही दगडावर बसून आंघोळ करायचो, ते पाणी पन्हाळीने त्या ओळींना जायचं. भांड्यांचं खरकटं पाणीही तिकडेच. छावणीला जाताना मला बजावून गेले होते, "साबन कमी लाव, पोरी. कनसाला सोसत न्हाई." मी लाजेने मेले, पण साबण कमी केला हो. तेवढं तरी केलं.

जोंधळ्याची बरीच ताटं वांझ निघाली. सात कणसं मात्र भरली. एका रविवारी मामंजींनी सासूबाईंचं जुनं तांबडं लुगडं ट्रंकेतून काढलं, काठाची चिंधी फाडली, तिचे सात तुकडे केले आणि एकेका कणसाखाली एकेक बांधला. मी दुरून पाहत होते. मला त्यांनी काही सांगितलं नाही. संध्याकाळी मी यांना विचारलं, तेव्हा हे म्हणाले, "ती बियाण्याची. खूण केली की त्यांना कुणी हात लावत नाही. गोड्या जोंधळ्याचं तेवढंच बी आता, दुसरीकडे कुठे नाही." हे वाक्य मला जसंच्या तसं पाठ आहे. विसरले असते तर बरं झालं असतं.

यांनी मला दोनदा म्हटलं होतं, "अण्णाला कळव, या साली येऊ नका." मी कळवते म्हणाले आणि कळवलं नाही. लिहायला बसले की वहिनींचं तोंड दिसायचं. पौषात अण्णाचं कार्ड आलं: रविवारी चौघे येतो, आम्ही दोघे आणि कचेरीतले दोन मित्र. हे सकाळी त्यांना आणायला एसटी थांब्यावर गेले. मी घरात एकटी.

अण्णाने हुरडा मागितला नसता. हे मला तेव्हाही माहीत होतं. नगरला काय दुष्काळ नव्हता? चहा, तांबडी भाकरी, झुणका यावर तो खूश झाला असता, बहिणीला डोळाभर पाहून परत गेला असता. पण ओटा गार पडलेला मला बघवेना. इतके महिने ज्याची बढाई मारली तो ओटा वहिनींसमोर नुसता मातीचा ढिगारा म्हणून उभा राहणार! मी विळा घेतला आणि मोरीमागे गेले.

आधी बाकीची ताटं चाचपली. खरंच चाचपली. सगळी पोचट. मग त्या सातांपाशी आले. चिंधीसकट कणीस कापता आलं असतं, पण मग चिंधी दिसली असती. म्हणून मी एकेक गाठ सोडली. मामंजींची गाठ घट्ट, माझी नखं दुखली. सात गाठी सोडायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात माणसाचं मन सात वेळा बदलू शकतं. माझं बदललं नाही. चिंध्यांची गुंडाळी केली, ओट्याच्या कोनाड्यात गोवऱ्यांच्या मागे खुपसली आणि आगटी पेटवली.

पाहुणे आले. वहिनी ओट्याभोवती फिरून आल्या, पाट्यावर हात फिरवला, म्हणाल्या, "अगंबाई, किती छान!" मला वाटलं, जिंकले. आणि तेवढ्यात छावणीवरून मामंजी आले.

ते दारातच थांबले. आगटीतला धूर पाहिला, ओट्यावरची कणसं पाहिली, मोरीकडे पाहिलं. मग पायांवर पाणी घेतलं, मोजून दोन तांबे, पटक्याने तोंड पुसलं आणि ओट्यापाशी आले. मी कडेला सरकले. शिवी द्या, मनात म्हणत होते, मामंजी, चार माणसांत शिवी द्या.

"रामराम पावनं," ते म्हणाले. "लई दिसांनी. आवो, असं न्हाई, कनीस फिरवत ऱ्हावं लागतंय."

कणसं त्यांनीच भाजली. त्यांनीच चोळली. निखाऱ्याची धग सोसत त्या बियाण्याचा एकेक दाणा सोडवून त्यांनी आधी अण्णाच्या, मग त्या अनोळखी मित्रांच्या, मग वहिनींच्या हातावर ठेवला. सात कणसांचा हुरडा तो किती! माणशी एकेक मूठ. एक मूठ माझ्यापुढे धरली.

"तुम्ही घ्या ना, मामंजी," मी म्हटलं.

"मला कुटं दात हायेत आता," ते म्हणाले.

त्यांच्या तोंडात अख्खी बत्तिशी होती. मागच्या हिवाळ्यात त्यांनी ऊस दाताने सोलून मला दिला होता. यांनी माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं आणि ती मूठ तोंडात टाकली. कशी लागली ते विचाराल तर, गोड लागली. हेच तर आहे. गोडच लागली.

पाहुण्यांना निरोप द्यायला आम्ही रस्त्यापर्यंत गेलो. परत आलो तर मामंजी ओटा आवरत होते. राख काढली होती, उरलेल्या गोवऱ्या बाहेर काढून कोनाडा झाडला होता, त्या पुन्हा नीट रचून ठेवल्या होत्या. मला म्हणाले, "वारं सुटलंय, तोंडावर पाटी ठिव." बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी मी चिंध्या काढायला कोनाड्यात हात घातला, तर तिथे काही नव्हतं. वाटलं, गोवऱ्यांबरोबर आगटीत गेल्या असतील. बरं वाटलं मला. लिहायला लाज वाटते, पण बरं वाटलं.

पुढच्या रविवारी शेजारच्या वस्तीवरची तान्हूबाई ताकाचं गाडगं मागायला आली. ती अंगणातून बोलली, मी दाराआड होते. "भाऊ, बी भाजलं म्हनं सुनंनं?"

"तिला काय ठावं?" मामंजी म्हणाले. "शहरातली पोर. म्या तिला सांगितलंच न्हवतं. चूक माजी."

"आवं पर चिंध्या बांदल्या हुत्या न्हवं?"

"पाखरांनी नेल्या असतील. तू गाडगं घे आन् जा."

मी दाराआडून बाहेर आले नाही. दोन पावलांचं अंतर होतं. "मला माहीत होतं," एवढे तीन शब्द. त्यांना वाटतंय मी अजाण आहे, तर वाटू दे. उगाच म्हाताऱ्या माणसाचं मन का मोडा, अशी मी स्वतःची समजूत घातली. माझ्या चुकीचं ओझं त्यांनी उचललं आणि मी ते खुशाल उचलू दिलं.

पुढच्या साली पाऊस झाला. मामंजी गोड्या जोंधळ्याचं बी शोधत जामखेडच्या बाजूला सासूबाईंच्या माहेरी जाऊन आले, घोडेगावच्या बाजारात चार गावच्या माणसांना विचारून आले. कुणाकडे नव्हतं. ज्याने पेरलं त्याचं जळालं, ज्याने राखलं त्याने खाल्लं. मग दुसरा जोंधळा पेरला. त्याचा हुरडा चांगला होता, पाहुणे वाहवा करायचे. मामंजी एक दाणा तोंडात टाकून म्हणायचे, "ग्वाड हाय." आणि मग उठून गोवऱ्या सारायला लागायचे.

पाऊस सरला की ते दरवर्षी ओट्याला लेप द्यायचे. मी माती कालवून द्यायची, ते लिंपायचे. त्र्याहत्तरचा लेप मात्र त्यांनी मला हातही न लावू देता एकट्याने दिला. मला तेव्हा चौथा महिना होता, संजयच्या वेळचा, म्हणून असेल असं मी धरलं. पुढचे अकरा हिवाळे आम्ही त्या ओट्यापाशी हाताला हात लावून काम केलं. किती वेळा ओठांवर आलं! एकदा तर "मामंजी" अशी हाकही मारली. त्यांनी हातातला गोळा तसाच धरून माझ्याकडे पाहिलं, कितीतरी वेळ पाहिलं. मी म्हटलं, "चहा ठेवू?" ते म्हणाले, "ठिव." त्या वर्षी माघात ते गेले. हेही आता नाहीत. गोड्या जोंधळ्याची चव आठवणारं या घरात माझ्याशिवाय कुणी उरलं नाही.

तर, परवा. संजय म्हणाला, निदान सुटलेला लेप तरी खरवडू, मग तू म्हणशील तसं. मी स्टूल घेऊन शेजारी बसले, तो थापीने पोपडे काढायला लागला. एकाखाली एक असे थर निघत होते. माझ्या हातचे जाड आणि ओबडधोबड, मामंजींचे पातळ आणि सारखे. कोनाड्याच्या तोंडाशी तो तळापासून दुसऱ्या थराला, म्हणजे त्र्याहत्तरच्या लेपाला पोचला. थापी अडकली. माती निघाली, पण पडेना, कशाला तरी लोंबकळत राहिली.

"आई, यात कापड आहे."

"असणारच. चिंध्या घालायचेच."

"बारीक नाहीत गं. अख्ख्या आहेत." त्याने हळूहळू ओढली. मातीने भरलेली पट्टी, बोटभर रुंद. पाण्याच्या बादलीत बुडवली तर तांबडा काठ दिसला. मग दुसरी निघाली. मी मोजत नव्हते, तो मोजत होता. "सात आहेत," तो म्हणाला.

एकीही फाटलेली नव्हती. जिथे गाठ होती तिथे पीळ तसाच होता, नखांनी सोडवलेला. पाखरं काही गाठी सोडत नाहीत. आणि ज्या पोरीला काही ठाऊक नसतं ती चिंध्या गोवऱ्यांमागे लपवत नाही. कोनाडा त्यांनी त्याच दिवशी झाडला होता. म्हणजे तान्हूबाईला उत्तर दिलं तेव्हा त्यांना ठाऊक होतं. दाराआड मी आहे हेही ठाऊक असेल. मी "चहा ठेवू?" म्हटलं तेव्हाही. मी अकरा वर्षं त्यांच्यापासून जे लपवत होते ते त्यांनी पहिल्याच दिवशी हातात धरलं होतं, आणि मग माझ्याच ओट्यात, मला कधी दिसू नये अशा बेताने, लिंपून टाकलं होतं. दरवर्षी त्यावर एक हात देत राहिले. वाट बघत असतील का हो माझी? असतीलच. नाहीतर तो मातीचा गोळा हातात धरून एवढा वेळ कोण थांबतं?

"कुणाच्या गं या?" संजयने विचारलं.

जिभेवर आलंच होतं, "कुणास ठाऊक." इतक्या वर्षांची सवय. त्या ओल्या चिंध्या मी पदरात घेतल्या.

"तुझ्या आजीच्या लुगड्याच्या," मी म्हटलं. "तुझ्या आजोबांनी बांधल्या, मी सोडल्या. बस इथे, ती थापी बाजूला ठेव. मला माहीत होतं, संजय. मला सगळं माहीत होतं."